घार डेकवर का उतरेना?

घार दुसऱ्यांदा आली, आता टेकतेच असं वाटलं, आणि दुसऱ्यांदाही तोंड फिरवून वर निघून गेली.

तिचं इंजिन ठणठणीत होतं. हवा इतकी स्वच्छ, की दूरवरचे पक्षी मोजून घ्यावेत. डेकवरच्या पांढऱ्या खुणा तर आंधळ्यालाही दिसाव्यात अशा ठसठशीत. मग माशी शिंकली कुठे? ‘सिंधुसखी’च्या ब्रिजवर (जहाज जिथून हाकतात त्या उंचावरच्या खोलीत) अकरा माणसं होती. त्यातल्या नऊ जणांनी शिकून शिकून केस पिकवले होते, आणि नवांपैकी एकाच्याही डोक्यात उजेड पडत नव्हता. दहावे सुकाणूवर उभे असलेले चोगलेकाका. अकरावी कस्तुरी. ती सहावीत होती आणि तिला कोपऱ्यातल्या स्टुलावर तोंड मिटून बसायच्या बोलीवर आत घेतलं होतं.

ही गोष्ट घडायची आहे अजून, पण फार लांबची नाही. तुमच्या घरात आज जे पाळण्यात हातपाय झाडतंय, ते कॉलेजात जाईल तेव्हाची समजा. ‘सिंधुसखी’ हे विमानवाहू जहाज, म्हणजे पाठीवर धावपट्टी घेऊन समुद्रात हिंडणारं एक गावच. हे गाव एका बंदरातून दुसऱ्या बंदरात मुक्काम हलवायला निघालं, की खलाशांच्या घरच्या माणसांना सोबत न्यायची पद्धत होती. म्हणून खालच्या मजल्यावर बायकामुलं, डबे, पिशव्या, रडारड, सगळा संसार होता. आणि कस्तुरी इथे वर होती, कारण घारीचा मेंदू तिच्या आजीने बनवला होता.

आजीचं नाव डॉ. कालिंदी पागधरे. घार म्हणजे मानवरहित लढाऊ विमान (आत वैमानिक नसलेलं, स्वतःच्या हिशेबाने उडणारं). आजीने त्यापायी आयुष्याची सतरा वर्षं घातली होती. का घातली, हे घरात कुणी बोलून दाखवत नसे. विश्राममामाची काठी दाराशी वाजली की सगळ्यांना कळे. मामा, आजीचा मुलगा, अशाच एका जहाजावर, अशाच डुलत्या डेकवर विमान उतरवताना पाण्यात गेला होता. जीव वाचला. कंबर वाचली नाही. खवळलेल्या समुद्रात लांबवर टेहळणीला जायचं आणि परत येऊन डेकवर टेकायचं, हे काम जगात कुणालातरी करावंच लागणार असेल तर ते यंत्राने करावं, एवढंच आजीचं म्हणणं होतं.

“मॅडम,” कॅप्टन रणदिवे म्हणाला, “इंधन आणखी दोन फेऱ्यांचं आहे.”

“मला मोजता येतं,” आजी म्हणाली.

कॅप्टन वाईट माणूस नव्हता. पण खाली चारशे बायकामुलं होती आणि त्याचं सगळं लक्ष तिकडे. त्याने शांतपणे सांगितलं, की दोन फेऱ्यांत घार उतरली नाही तर तो तिला दूर नेऊन समुद्रात सोडायला सांगेल. किनाऱ्यावरच्या धावपट्टीवर तासाभरापूर्वी वादळ कोसळलं होतं, तिथे परतायची सोय उरली नव्हती. त्याच वादळाने उठवलेल्या लांबच लांब लाटा आता इथवर येऊन जहाजाला उचलत होत्या. आणि घार बुडाली तर पुढचं सांगायलाच नको. वरच्या खुर्च्यांत बसलेली मंडळी म्हणणार, यंत्राला जमत नाही, पाठवा पुन्हा माणसं.

आजीने चष्मा पुसला, परत घातला, परत पुसला. कस्तुरीने आजीला असं करताना कधी पाहिलं नव्हतं. 

एका फेरीला सहा मिनिटं लागत. घार लांब वळसा घेत होती तेवढ्यात कस्तुरी स्टुलावरून हळूच उतरून आजीच्या पडद्यापाशी गेली आणि बोली मोडून तिने विचारलं, की घार बघून बघून का उतरत नाही?

दुसरी कुणी असती तर तिने पोरीला हाकललं असतं. आजीची सवय उलटी. अडली, की ती कुणालातरी समजावून सांगायला बसे. सांगता सांगता आपलीच चूक सापडते, असं तिचं म्हणणं. आणि खरंच आहे ते. ज्याला सांगता येत नाही त्याला कळलेलंच नसतं, मग त्याच्या नावापुढे डिग्र्यांची कितीही लांब शेपूट असो.

तर आजीने सांगितलं ते असं. साध्या धावपट्टीला दोन-अडीच किलोमीटर जागा असते. इथे विमानाला थांबायला शंभर पावलंही मिळत नाहीत. म्हणून डेकवर आडव्या तीन जाड तारा ताणलेल्या असतात आणि विमानाच्या शेपटीखाली एक आकडा असतो. आकडा तारेत अडकला, की ताशी अडीचशे किलोमीटरने आलेलं विमान दोन-तीन सेकंदांत जागच्या जागी उभं. नाही अडकला, तर पुढे समुद्र. आता यात भर अशी, की डेक एका जागी राहत नाही. लाट आली की जहाजाची मागची बाजू दुमजली घराएवढी वर जाते, लाट गेली की तेवढीच खाली बसते. शिवाय जहाज डाव्या-उजव्या कुशीवर कलतं ते वेगळंच.

“मग डेक दिसेल तिथे उतरायचं,” कस्तुरी म्हणाली.

“दोरीच्या उड्या मारताना तू दोरी दिसेल तिथे शिरतेस?”

कस्तुरीने मनातल्या मनात दोरी फिरवून पाहिली. दोन मुली दोरी फिरवतात, आपण बाहेर उभ्या. दोरी समोर आली म्हणून शिरलो तर तंगड्यांत अडकणारच. आधी ताल पकडायचा. आता दोरी कुठे आहे ते नाही, मी आत पोचेन तेव्हा ती कुठे असेल, ते बघायचं.

घारही तेच करते, आजी म्हणाली. ती मिनिटभर आधीपासून जहाजाच्या डुलण्याचा ताल पकडते आणि हिशेब करते, की मी टेकेन त्या क्षणी डेक कुठे असेल. याला पूर्वानुमान म्हणतात (पुढे काय होईल याचा आधीच्या हालचालीवरून बांधलेला अंदाज). त्या जागेवर ती नेम धरते. शेवटच्या काही सेकंदांत पुन्हा पडताळून बघते. अंदाज आणि डेक जुळले तर टेकते. जुळले नाहीत तर हट्ट न करता वर जाते. तिला कुणी भित्री म्हणेल. आजी तिला शहाणी म्हणत होती.

मग तिने पडद्यावरच्या दोन रेघा दाखवल्या. निळी म्हणजे घारीचा अंदाज, लाल म्हणजे खरा डेक. दोन्ही जोडीने वर जात, जोडीने खाली येत, जशा हातात हात घालून चाललेल्या मैत्रिणी. आणि अगदी शेवटी, टेकायला पाच सेकंद उरलेली असताना, लाल रेघ एकदम बाजूला सरकलेली. पहिल्या फेरीत तशीच. दुसऱ्या फेरीतही हुबेहूब तशीच.

“लाट पाच सेकंदांत विचार बदलत नाही,” आजी म्हणाली. “मग हे बदललं कोण?”

मागे एक इंजिनियर वाऱ्याला दोष देत होता. दुसरा म्हणत होता की मोजायचं यंत्रच बिघडलंय. आजीच्या चेहऱ्यावर मात्र तिसरंच काही होतं, आणि ते फक्त कस्तुरीला वाचता आलं. आजीला वाटत होतं, माझंच गणित चुकलं. चाळीस वेळा घार शांत समुद्रात याच डेकवर सुखरूप उतरली, आणि जिच्यासाठी तिला जन्माला घातली त्या लाटा आल्या तेव्हा मीच कमी पडले.

तिसऱ्या फेरीला घार मागून येताना दिसली. आधी ठिपका, मग पंख. कस्तुरी स्टुलावर जाऊन बसली. तिला खिडकीतून डेक दिसत नव्हता, मोठ्या माणसांच्या पाठी दिसत होत्या. दिसत होते ते फक्त चोगलेकाका.

चोगलेकाका अठ्ठावीस वर्षं सुकाणूवर. सकाळीच, समुद्र बरा होता तेव्हा, त्यांनी तिला मिनिटभर सुकाणू धरू दिलं होतं आणि गंभीर चेहऱ्याने सांगितलं होतं, की जहाज डोळ्यांनी कळत नाही, बसायच्या जागेने कळतं. ती खो खो हसली होती. त्यांच्या घरात पिढ्यानपिढ्या खाडीतल्या तरीचा (माणसं पलीकडे पोचवणाऱ्या होडीचा) धंदा. जहाज नव्या जमान्याचं असलं तरी सुकाणू माणसाच्या हाती ठेवायचं, असा ‘सिंधुसखी’चा नियम होता, आणि तो नियम बहुतेक चोगलेकाकांकडे बघूनच केला असावा. लाटांत जहाज सरळ ठेवायला त्यांचे हात सारखे हलत, जरा इकडे, जरा तिकडे, पीठ मळणाऱ्या बाईसारखे, न बघता.

त्यांच्यासमोर एक छोटा पडदा होता. वरच्या अर्ध्यात दिशेचे आकडे, खालच्या अर्ध्यात मागून येणारं विमान.

कुणीतरी सेकंद मोजू लागलं. दहा. नऊ. आठ. चोगलेकाकांची नजर खालच्या अर्ध्यावर गेली. सात. सहा. त्यांचा चेहरा मऊ झाला. आणि पाच म्हणता म्हणता त्यांचा उजवा हात अगदी हलकेच, दार उघडून पाहुण्याला आत घ्यावं तसा, एका बाजूला झुकला.

डेक किंचित कलला. घार टेकता टेकता गरजली आणि वर निघून गेली.

 कॅप्टनने घड्याळ पाहिलं. शेवटची फेरी.

 कस्तुरीला शाळेतली दोरी आठवली. धाकटी चिमी आत शिरायला घाबरायची, म्हणून दोरी फिरवणारी एक मुलगी मायेने वेग कमी करायची. आणि नेमकी तेव्हाच चिमी अडकून पडायची. जो दोरीचा ताल धरून आत शिरतो, त्याच्यासाठी दोरीने दया दाखवायची नसते.

पण हे सांगायचं कसं? पाहिलंय ते खरं असेल तर दोष चोगलेकाकांवर येणार. अठ्ठावीस वर्षांच्या माणसाला सहावीतली पोर चूक दाखवणार, तीही कॅप्टनसमोर. आणि खोटं निघालं तर? ती गप्प राहिली. एक मिनिट गेलं. दुसरं गेलं. आजी चष्मा पुसत होती.

शेवटी ती उठली आणि आजीच्या कानाशी पुटपुटली. आजीने ऐकून घेतलं आणि तिला खांद्याला धरून बाजूला केलं.

“माझ्या कानात नको. ज्यांच्याबद्दल आहे, त्यांच्यासमोर जाऊन सांग.”

 कस्तुरी सुकाणूपाशी गेली आणि म्हणाली, “काका, घार जवळ आली की तुम्ही हात झुकवता. तिन्ही वेळा झुकवलाय का ते माहीत नाही. या वेळी मी पाहिलं.”

“मी?” चोगलेकाका हसले. “नाही गो बाय. मी सरळ धरलंय.”

इंजिनियरांच्या कपाळावर आठ्या चढल्या. पण आजीने तोवर सुकाणूची नोंद उघडली होती. सुकाणू तर सतत हलत असतं, त्यामुळे इतका वेळ तिकडे कुणी ढुंकूनही पाहिलं नव्हतं. आता तीन फेऱ्यांची नोंद एकाखाली एक लावली आणि सगळे पडद्यावर वाकले. तिन्ही वेळा, टेकायला पाच सेकंद असताना, तोच एक नाजूक झोक, त्याच बाजूला.

चोगलेकाकांनी आपल्या उजव्या हाताकडे पाहिलं. तो दुसऱ्याच कुणाचा असावा तसं.

मग त्यांना कळलं, आणि ते हळू आवाजात सांगू लागले. लाटांत लहान होडी मोठ्या बोटीला लागायला येते, तेव्हा मोठ्या बोटीच्या सुकाण्याने (सुकाणू धरणाऱ्याने) जरा वळून तिला आपल्या अंगाचा आडोसा द्यायचा असतो. वडिलांनी शिकवलं ते बोलून नाही शिकवलं, हातावर हात ठेवून शिकवलं. समुद्र शांत असला की त्याची गरज नसते, म्हणून त्या चाळीस वेळी काही बिघडलं नव्हतं. आणि खवळल्या समुद्रात जे वैमानिक उतरले, त्यांना चोगल्यांचा झोक ओळखीचा होता. डेक कलला की तेही डोळ्याने बघून कलत. घारीला कुणी सांगितलंच नव्हतं, की इथे एक माणूस आहे आणि तो तिची वाट बघतोय.

“मला वाटलं, बिचारी एकटी येतेय,” ते म्हणाले आणि मान खाली घातली.

कॅप्टनने दुसऱ्या सुकाण्याला हाक मारायला तोंड उघडलं. आजी मध्ये पडली. नवा माणूस या लाटांवर आता चढला तर सुकाणू घुसळून काढील, ती म्हणाली. या लाटा चोगल्यांच्या हातात बसल्यात, त्यांनाच ठेवा. फक्त शेवटचे दहा सेकंद त्यांनी घारीसाठी काही करायचं नाही. जहाज आहे तसं लाटांवर डुलू द्यायचं.

“आणि हात नाही ऐकला तर, मॅडम?” चोगलेकाकांनी विचारलं. “मी झुकवतो ते मलाच कळत नाही.”

 पडदा बंद करावा तर दिशेचे आकडेही जाणार. दोनच मिनिटं उरली होती.

“तुम्हाला ती दिसली नाही तर?” कस्तुरी म्हणाली.

आणि ती जाऊन पडद्याला पाठ लावून उभी राहिली. तिच्या डोक्यावरून वरचे आकडे काकांना दिसत होते. खालचा अर्धा भाग तिच्या पाठीआड. चोगलेकाकांनी मान हलवली. कॅप्टनने आजीकडे पाहिलं, आजीने कॅप्टनकडे, आणि कॅप्टनने ‘चालू द्या’ अशी हाताने खूण केली.

आता कस्तुरीला ना घार दिसत होती ना डेक. समोर फक्त दोन हात होते, सुरकुतलेले, करंगळीवर जुना व्रण असलेले. तिच्या पाठीमागे, पडद्याच्या काचेत, आजीची सतरा वर्षं खाली येत होती.

मोजणी सुरू झाली. दहा. नऊ. इंजिनाचा आवाज खोलीत शिरला. चोगलेकाकांच्या कपाळावरून घामाचा थेंब निघून भुवईत थांबला. आठ. सात. त्यांच्या नजरेने एकदा खाली यायची धडपड केली, तिथे कस्तुरीचा चेहरा होता, ती नजर तिथेच थांबली. सहा. पाच.

उजवा हात झुकू पाहत होता. त्याला आवाज ऐकू येत होता. अंगठा सुकाणूवर पांढरा पडला.  चार. हात जागचा हलला नाही. तीन. दोन.

पायाखालून एक जबर हिसका आला. जहाजाला कुणी शेपटीला धरून मागे ओढावं तसा. आवाज टिपेला गेला आणि मग उतरत उतरत नुसती शीळ उरली.

कस्तुरीला मागे वळून बघायचं धाडस होईना. तिने चोगलेकाकांकडेच पाहिलं. त्यांनी डोळे मिटले होते.

“दुसरी तार,” आजीचा आवाज आला. अगदी कोरडा. “बरोबर मधोमध.”

मग एकच गलका झाला. इंजिनियर एकमेकांच्या पाठी बडवू लागले, कॅप्टनने टोपी काढून कपाळ पुसलं. आजी तेवढी खुर्चीत बसून राहिली. कस्तुरी जवळ गेली तेव्हा आजीने तिचा हात हातात घेतला आणि खूप वेळ सोडला नाही. विश्राममामाला फोन लावायला हवा, एवढंच ती म्हणाली.

दुपारी दोघी खाली डेकवर गेल्या. घार पंख मिटून उभी होती, जवळून पाहिली की बरीच लहान. पंखांखाली शस्त्रं टांगायच्या जागा होत्या. आज त्या रिकाम्या होत्या. कस्तुरी त्यांच्याकडे बघत राहिली आणि मग तिने सकाळपासून मनात असलेलं विचारलं: पुढे इथे शस्त्र लावतील तेव्हा ते कुणावर सोडायचं, हेसुद्धा घारच ठरवणार का?

आजीने त्यातल्या एका रिकाम्या जागेवर हात ठेवला.

“आज तिला एका माणसाच्या हातातली माया ओळखता आली नाही,” ती म्हणाली. “ज्याला माया ओळखता येत नाही, त्याच्या हाती माणसाचा जीव द्यायचा नाही. उडणं तिचं, उतरणं तिचं. तो निर्णय माणसाचा. मी आहे तोवर तरी, आणि पुढे तू बघ.”

आता घारीला नवा धडा द्यायचा होता. नुसत्या लाटेचा ताल पकडून भागणार नव्हतं. लाटेवर जहाज, जहाजावर माणूस, आणि माणसाला सवयी. म्हणजे सुकाणूचा प्रत्येक झोक घारीला तत्क्षणी कळला पाहिजे, आणि कोणता झोक लाटेपायी, कोणता पाहुण्यापायी, हेही. पण त्यासाठी तो झोक आधी कागदावर आणायला हवा होता. ज्याचा होता त्याला तो सांगता येत नव्हता.

संध्याकाळी समुद्र निवला तेव्हा ब्रिजवर चोगलेकाकांच्या मनगटाला बारीक तारा चिकटवल्या. त्यांच्यासमोरच्या पडद्यावर एक जुनं दृश्य लावलं: लाटांत हेलपाटत येणारी एक लहानशी होडी. काकांना सांगितलं, काही ठरवून करू नका. ते ओशाळे झाले होते, सारखे म्हणत होते की हे काय नाटक. होडी जवळ आली. मनगट हललं.

कस्तुरीच्या पडद्यावर एक रेघ उमटली. भुवई उचलावी एवढीशी, गोलाई घेऊन पुन्हा सरळ होणारी.

“हे बघा, काका,” ती म्हणाली.

चोगलेकाका वाकून बघू लागले. बराच वेळ बघत राहिले. वडिलांच्या हाताखाली शिकलेली गोष्ट त्यांनी पहिल्यांदाच डोळ्यांनी पाहिली होती.

“पुन्हा लाव,” ते म्हणाले. “होडी जरा उजवीकडून आली ना, तर हात वेगळा वळतो. तेही शिकव तिला.”